कोपऱ्याचे पाच खांब

वैशाख शु. ५, शके १८६३. परभणी

मामांनी कचेरीतून रद्दीचं बाड आणून दिलंय. एका बाजूला उर्दू हुकूम, दुसरी बाजू कोरी. मी कोऱ्या बाजूवर लिहिते. माझं लिहिलेलं वाचायची हौस या घरात कुणालाच नाही, तेव्हा उघड्यावर ठेवलं तरी चालेल.

मामेबहीण विमलच्या लग्नाला पाच दिवस राहिले. आज रुखवत मांडून पाहिलं. उशांचे अभ्रे, चौरंगाचा रुमाल, परकर, बाळाचं टोपडं, सगळ्यांच्या कडांना शिंपल्याची लेस. वर्षभर क्रोशाची सुई माझ्या हातातून सुटली नाही आणि नाव मात्र विमलचं. मुलगी पाहायला आल्या तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी, प्रयागबाईंनी, अभ्र्याची लेस बोटांत धरून विचारलं, "हे कुणी केलं?" मामी म्हणाल्या, "आमच्या विमलनंच की. रिकामी म्हणून बसत नाही ती." विमलला तेव्हा साधी साखळी सरळ येत नव्हती. मी चुलीपाशी पोहे परतत होते. तेवढ्यात मामींनी पाहुण्यांदेखत मलाच खडसावलं, "मनू, हात बदल. किती वेळा सांगायचं?" मी उलथनं उजव्या हातात घेतलं. प्रयागबाईंनी लेस उलटून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे."

माझं सांगायचं तर, नवऱ्यानं उदगीरला दुसरं घर केल्याला सहा वर्षं झाली. कपाळी कुंकू आहे म्हणून लोक सवाष्ण म्हणतात. पाहुणे असले की मामी मला "आमची मनू" म्हणतात, एरवी नुसतं "अगं".

पण आता फार दिवस नाहीत. मुलींच्या शाळेच्या हेडबाई प्रमोदिनीबाई यांनी मला विणकाम शिकवायला घ्यायचं कबूल केलंय. दरखास्त मामांनीच लिहून दिली. निजाम सरकारच्या फसली तारखेनं एक अमरदादला हाजिर व्हायचं आणि सोबत हातभर लेसचा नमुना आणायचा. मामांनी पंचांग काढून पाहिलं, ज्येष्ठ शुद्ध एकादशी येते. त्या दिवशी गेले नाही तर जागा नांदेडच्या एका बाईंना जाणार. शाळेमागे एक खोली आहे, तीही मला मिळेल. मी ती अजून पाहिलेली नाही, पण मनात झाडूनसुद्धा झाली.

नमुन्यासाठी मी कोपऱ्यासकट एक तुकडा वेगळा ठेवला होता. मामींनी तोही रुखवतात मांडला. मागितला तर म्हणाल्या, "तुला काय, चार दिवसांत दुसरा होईल." खरंच आहे. मला काय.

वैशाख शु. १०

लग्न लागलं. पाठराखीण म्हणून मला जायचं ठरलं. नवरीच्या पाठीशी बसायचं, तिनं काय खाल्लं ते बघायचं, रडली तर पदर पुढे करायचा, एवढंच काम. मांडवपरतणीला विमल माहेरी येईल तेव्हा मीही तिच्याबरोबर परत येणार. पाच दिवस.

माझी ट्रंक मामींनी स्वतः भरली. दोन्ही लुगडी, चादर, पोथी आणि थंडीतली शालसुद्धा. वैशाखात शाल. लेक सासरी चाललीय, बिचारीचं चित्त ठिकाणावर नाही. मामांनी विहीणबाईंना द्यायला एक बंद पाकीट माझ्याच हाती दिलं. स्टेशनवर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता. गर्दीत लेकीच्या डोक्यावर ठेवायचा तो चुकून माझ्या डोक्यावर पडला असेल.

वैशाख शु. १३. राणीसावरगाव

गंगाखेडपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. अंगाचा खुळखुळा झाला. घर मोठं, माणसं मोजकी. सासरे दिनकरराव दिवसभर शेतावर असतात. जावई मार्तंडराव हैदराबादेत एका वकिलांकडे काम शिकतात. सगळं चालतं ते प्रयागबाईंच्या शब्दावर. त्यांना सगळे काकू म्हणतात. मी पाकीट दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, घडी करून पानाच्या डब्यात ठेवलं आणि मला विचारलं, "वय काय गं तुझं?" मी म्हटलं, "सव्वीस." त्या म्हणाल्या, "लहान आहेस."

संध्याकाळी विमलला बोलावून म्हणाल्या, "सूनबाई, देव्हाऱ्याच्या पडद्याला रुखवतातल्यासारखीच लेस पाहिजे. तुझ्या हातची." विमलनं माझ्याकडे असं पाहिलं की आंधळ्यालाही कळलं असतं. मी घाईनं म्हटलं, "तिला कुणी बघितलं की हात चालत नाही. आम्ही दोघी धान्याच्या कोठीत बसतो." काकू म्हणाल्या, "बसा की."

वैशाख व. २

कोठीला आतून कडी लावून आम्ही बसतो. मी विणते, विमल जोंधळ्याच्या पोत्यावर बसून माहेरच्या गोष्टी काढते. उजेड एवढ्याशा झरोक्यातून येतो आणि उकाडा सगळीकडून.

आज कडी लावायची राहिली आणि कामवाली कडूबाई सूप घेऊन आत आली. बघतच राहिली. "मनूबाई, तुमी तर डाव्या हातानं करायलाव की."

लहानपणी जेवायला आणि लिहायला वडिलांनी माझा डावा हात कमरेला बांधून उजवा लावला. पण क्रोशा मला कुणी शिकवलाच नाही. मोडक्या छत्रीच्या काडीला आकडा करून, परसात लपून मी तो आपला आपण शिकले. त्या हाताला कुणी वळण लावलं नाही म्हणून तो माझा राहिला. कडूबाईला म्हटलं, "बाई, कुणाला सांगू नकोस." ती म्हणाली, "म्या कशाला सांगू? आन् काकूला काय सांगायला लागतंय व्हय?" म्हणजे सांगायची काही गरज नाही, असंच ती म्हणाली. भली बाई आहे.

वैशाख व. ५

मार्तंडराव हैदराबादला गेले. विमल दाराआड उभी राहून गाडीची धूळ बसेपर्यंत बघत होती.

पाच दिवस कधीच झाले. मांडवपरतणीचा विषय काढला तर काकू म्हणाल्या, "मार्तंड थोरला आहे, ज्येष्ठात मी त्याचं काही करत नसते. आता आखाडातच करू." मी विचारलं, "मग मी पुढं जाऊ का?" त्या सुपारी कातरत होत्या. "पाठराखीण एकटी परतली तर लोक म्हणतील, नवरीत खोट निघाली. विमलला चालत असंल तर जा."

विमलला कसं चालेल? आणि मी गेले तर लेस कोण करणार? आठ दिवसांत खोटं उघडं पडेल आणि पोरीला जन्मभर टोमणे. शाळेचं मी काकूंना सांगितलंच नाही. सांगितलं तर विचारतील, कसली शाळा, काय शिकवणार? विणकाम म्हटलं की संपलं.

मार्ग एकच आहे. विमलला शिकवायचं. तिला आलं की मी सुटले.

वैशाख व. ८

तिला समोर बसवलं आणि म्हटलं, "आरशात बघून करतात तसं कर. माझा डावा तो तुझा उजवा." पहिल्या दिवशी साखळी आली. दुसऱ्या दिवशी खांब, म्हणजे उभे टाके, आले. आज तीन शिंपले असे देखणे उतरले की मीच चकित झाले. पाणी प्यायला उठले, परत येते तर सगळा धागा मांडीवर मोकळा. म्हणे, "आपोआप सुटलं, अक्का." क्रोशा आपोआप सुटत नाही, कुणीतरी टोक ओढावं लागतं. पण तिची बोटंच वेंधळी, काहीतरी ओढलं असेल.

एक गोष्ट इथं लिहून ठेवते, दुसरीकडे बोलण्यासारखी नाही. कोपरा मी तिला शिकवलेला नाही. लेस सरळ जाते तोवर कुणालाही जमते. वळताना कोपऱ्याच्या एकाच घरात पाच खांब घालावे लागतात, नाहीतर कापड आखडतं. हे सांगायला दोन मिनिटं पुरे. पण रुखवत गेलं, नाव गेलं, नमुनाही गेला. कोपरा तरी माझ्याजवळ राहू दे, असं वाटलं. मी काही मोठ्या मनाची बाई नाही.

वैशाख व. १२

आज धागा संपला. देव्हाऱ्याचा पडदा झाला, चौरंगाचं आच्छादन झालं, काकूंच्या दोन चोळ्यांच्या बाह्या झाल्या. शेवटचं टोक ओवलं तेव्हा मला हसूच आवरेना. लढाईमुळे बाजारात पांढरा धागा मिळत नाही, म्हणजे काम बंद.

दुपारी दिनकरराव गंगाखेडहून आले आणि त्यांनी सोप्यात रुमाल सोडला. आत डझनभर गोळे. काकू म्हणाल्या, "दुकानात होते तेवढे सगळे आणायला सांगितले. आता पलंगपोस घ्या." पलंगपोसाला चार कोपरे आणि चारी बाजू मिळून पंधरा हात लेस. मी जेवले नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

ज्येष्ठ शु. १

दहा दिवस उरले. मामांना पत्र टाकलं: घरात कुणी आजारी आहे असं लिहून मला बोलावून घ्या. खोट्यावर आणखी एक खोटं. आता त्याचंही काही वाटेनासं झालंय.

कोठीत आज एक नवल घडलं. सकाळी गेलो तर झरोक्याजवळची कणगी हलवलेली आणि तिच्या जागी पाट मांडलेला. काकूंनी गड्यांकडून करून घेतलं, सुनेला उजेड मिळावा म्हणून. पण पाट असा ठेवलाय की उजेड उजव्या अंगानं येतो. उजव्या हातानं विणणाऱ्याला तो डावीकडून लागतो, नाहीतर हाताचीच सावली टाक्यावर पडते. आयुष्यभर घर चालवलं तरी बाईला एवढं कळू नये. मला मात्र फार सोयीचं झालं. सहा वर्षांत इतक्या आरामात मी बसले नव्हते, आणि तसं वाटल्याची मलाच भीती वाटली.

ज्येष्ठ शु. ३

विमलचं पुन्हा सुटलं. मी तिच्या हातावर चापट मारली. ती रडली नाही. "अजून मार, पण जाऊ नको," म्हणाली. मग मीच रडले.

ज्येष्ठ शु. ६

मामांचं उत्तर आलं. पोस्टकार्डावर चार ओळी. इकडे सर्व क्षेम. विहीणबाईंच्या मर्जीनं राहावं. शाळेची घाई करू नये, जागा काय, पुढेही निघतील. मामा भिडस्त माणूस, मुलीच्या सासूला कसं दुखवणार? पलंगपोसाच्या दोन बाजू झाल्या. कोठीत बसलं की मला वाटतं, ही लेस मी माझ्याभोवतीच विणत चाललेय.

ज्येष्ठ शु. ८

विमल न्हायला गेली होती. कात्री हवी म्हणून तिची ट्रंक उघडली. तळाशी तिच्या शालूच्या घडीत लेस सापडली. मला वाटलं, रुखवतातला माझाच नमुना. उजेडात नेऊन पाहिली तर खांबांचा कल उलटा. माझे खांब डावीकडे झुकतात, हे उजवीकडे. शिंपले एकसारखे, धागा कुठे सैल नाही, आणि टोकाला कोपरा. एका घरात पाच खांब. मी शिकवला नव्हता तो कोपरा.

तिला सगळं येतं. केव्हापासून येतंय कोण जाणे. माझ्यासमोर रोज उसवायची आणि मागे हे करायची. मी तिच्यापायी दिवस मोजत कोठीत उकडून मरतेय आणि ही मला नाचवतेय. इतका राग मला उदगीरच्या माणसाचाही आला नव्हता. तुकडा मी पदरात बांधून ठेवलाय.

ज्येष्ठ शु. ९

सकाळी थेट काकूंपुढे गेले आणि तुकडा ठेवला. म्हटलं, "विमलनं केलाय. तिला आता सगळं येतं, माझं इथं काम नाही. मला परभणीला जायचंय."

काकूंनी तुकडा बोटांत फिरवला. उठल्या, रुखवतातला अभ्रा घेऊन आल्या आणि दोन्ही लेसा जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या. "ही उजव्या हाताची. ती डाव्या हाताची. मलाही येतो गं क्रोशा, डोळे अधू झाले म्हणून सोडला. मुलगी पाहायला आले तेव्हाच कळलं होतं. तुझी मामी हात बदल म्हणाली तेव्हा तर विचारायचं काही राहिलंच नाही."

कणगी, पाट, उजेड, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. "मग बोलला का नाहीत?"

"मुलगी पसंत होती मला. लेस काय, कधीही शिकली असती."

"मग मला कशाला ठेवून घेतलं?"

त्यांनी पानाच्या डब्यातून पाकीट काढून माझ्यापुढे टाकलं. मीच ट्रंकेतून आणलेलं. आत लिहिलं होतं: *चि. मनकर्णा हिला यापुढे आमचेकडे ठेवणे जमण्यासारखे नाही. धाकट्यांची लग्ने व्हावयाची आहेत. आपणांकडे कामास हात होईल. शाळेचे खूळ आपोआप जाईल. तिला यातील काही कळू नये, ही विनंती.* मजकूर मामींनी सांगितला असेल म्हणावं, तर अक्षर मामांचं. माझी दरखास्त ज्या अक्षरात लिहिली तेच, र ची शेपटी लांब ओढलेली. पंचांग उघडून एकादशी दाखवणारं बोटही तेच.

काकू म्हणाल्या, "खूळ म्हणजे काय ते मला काय ठाऊक? तू कधी बोलली नाहीस. पुढं जाऊ का म्हणालीस, मी म्हटलं विमलला चालत असंल तर जा. पुन्हा विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. कोठीला कडी मीच लावत होते, तीही आतून.

"तुझ्या हाताचा मला लोभ सुटला, ते मी नाकारत नाही," त्या म्हणाल्या. "राहिलीस तर पोटच्या पोरीसारखी ठेवीन. तिकडं तुझी वाट बघणारं कुणी नाही, हे तर तू आता वाचलंसच. बोल, काय करायलीस?"

मी पत्राची घडी घातली. राहावंसं वाटलं, हेही खरंच लिहायला हवं. मग म्हटलं, "जाते."

"उद्या सकाळी गाडी जुंपायला सांगते," एवढंच त्या म्हणाल्या.

ज्येष्ठ शु. १०. गंगाखेड स्टेशन

गाडी निघताना विमल अंगणात आली. मी तिच्याशी कालपासून बोलले नव्हते. ती चाकाला धरून म्हणाली, "मला पत्राचं ठाऊक होतं, अक्का. आईनं निघतानाच सांगितलं होतं. तिथं तू कुणालाच नको होतीस, आणि मला तू पाहिजे होतीस. म्हणून उसवायची मी."

"मग तो तुकडा का नाही उसवलास?"

"कोपरा पहिल्यांदा जमला होता. मोडवेना."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. ज्या माणसांना मी आपली म्हणत होते त्यांनी गोड बोलून मला परक्या दारात आणून सोडलं, आणि जिनं मला फसवलं तीच एकटी मला धरून बसली होती. मी तिच्या गालावरून हात फिरवला. तिनं तो तुकडा माझ्या हातात कोंबला. मागून काकूंची हाक आली, "सूनबाई, पलंगपोसाचा तिसरा कोपरा घ्यायचाय." ती आत गेली. मी वळणापर्यंत मागे बघत होते. मी सुटले आणि ती कोठीत एकटी राहिली. गंगाखेड येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

ज्येष्ठ शु. ११. परभणी

स्टेशनवरून मामांच्या घरी गेले नाही. हमालाच्या डोक्यावर ट्रंक देऊन थेट शाळेत आले. प्रमोदिनीबाईंनी बसायला सांगितलं आणि नमुना मागितला. मी ट्रंक उघडली. महिनाभर रात्रंदिवस विणलं, पण माझ्या हातची वीतभर लेसही माझ्याजवळ नव्हती. होता तो विमलचा तुकडा. तोच पुढे ठेवला. बाईंनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे तुमच्या हातचं?"

हो म्हणायला काय लागत होतं? मामींना काही लागलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "मी शिकवलेल्या मुलीनं केलंय. कोपरा तर तिनं नुसतं बघून उचलला. मला सुई द्या, माझा नमुना बसल्या जागी करून दाखवते."

बाईंनी सुई दिली. मी ती डाव्या हातात धरली. त्या बघत राहिल्या, पण हात बदला म्हणाल्या नाहीत. दोन शिंपले झाल्यावर म्हणाल्या, "पुरे," आणि हजेरीचं बुक माझ्याकडे सरकवलं.

विमलचा तुकडा त्यांनी कपाटात ठेवायला घेतला, मुलींना दाखवायला म्हणून. वर चिठ्ठी लावायला दौत पुढे ओढली. "नाव काय लिहू?" मी सांगितलं, विमल, राणीसावरगाव. एवढ्या लेसा तिच्या नावावर गेल्या, पण तिचं नाव लागलेली तिची लेस ही पहिलीच.

खोलीला खिडकी नाही. विणायला बसायचं तर दार उघडं ठेवावं लागतं. आज दिवसभर उघडंच होतं.